कॅराव्हॅनची केबल लावली की आरसीसीबी पडतो: बाहेरच्या पॉईंटचं समस्या निवारण

पाहुण्यांची कॅराव्हॅन (राहायची सोय असलेली गाडी) आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरी येते, भिंतीवरच्या बाहेरच्या पॉईंटला तिची केबल लागते आणि थोड्या वेळात घरातली लाईट जाते. डीबी (घराच्या लाईटची मुख्य पेटी) उघडली तर आरसीसीबीचं, म्हणजे करंटची गळती झाली की लाईट तोडणाऱ्या स्विचचं, हँडल खाली. वर केलं की कधी टिकतं, कधी लगेच पडतं. वायरमन 'आरसीसीबी वीक झालाय' म्हणत नवा बसवतो, आठ दिवसांनी पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला कुणीतरी आरसीसीबीची वरची आणि खालची वायर एकमेकींना जोडून तो बायपास करून टाकतं आणि तक्रार मिटते. बिघाड मात्र होता तिथेच असतो. फक्त तो आणि गाडीच्या पायरीवर ओला पाय ठेवणारा माणूस यांच्यामध्ये आता काही उरलेलं नसतं.

राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० साली आलं, कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ साली. वेरूळ, पैठण, तुळजापूर, परळीच्या वाटेवर ज्यांचं शेत आहे आणि गाडी उभी करायला जागा द्यायची आहे, त्यांना हा एक पॉईंट नीट करून घ्यावाच लागतो. खालची तपासणी मालकाला समजावी म्हणून लिहिली आहे. डीबीचं झाकण उघडायचं काम मेन बंद करून, परवाना असलेल्या वायरमननेच करायचं.

आधी पडलं काय ते बघा

एमसीबी पडला असेल तर करंट जास्त झाला किंवा कुठेतरी शॉर्ट आहे. आरसीसीबी पडला असेल तर फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून पुरता परत आलेला नाही, वाटेत कुठेतरी जमिनीत उतरला आहे. लोड किती याच्याशी आरसीसीबीला देणंघेणं नाही. त्यामुळे 'एसीचा लोड झेपत नाही म्हणून आरसीसीबी पडतो' हे वाक्य कुणी बोललं की तिथेच थांबवावं.

घरात वापरायचा आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचा असतो. आयएस १२६४० या मानकाप्रमाणे तो ३० ला पडलाच पाहिजे आणि १५ च्या आत पडता कामा नये. मधल्या पट्ट्यात कुठेही पडला तरी तो बरोबरच आहे. २२ मिलिअँपिअरला पडणारा आरसीसीबी 'वीक' नसतो. नवा बसवल्यावर आठ दिवस बरे गेले तर त्याचा अर्थ इतकाच, की नवा २६ ला पडणारा निघाला आणि गळती तेव्हा २४ होती.

त्यावरच्या 'टी' बटणाबद्दलही एक गैरसमज आहे. बटण दाबल्यावर हँडल पडलं म्हणजे आतली यंत्रणा चालते, एवढंच कळतं. अर्थिंग आहे की नाही याचा त्या बटणाशी संबंध नाही. अर्थिंगची वायर तुटलेली असली तरी बटण दाबल्यावर आरसीसीबी पडतोच.

कधी पडतो, यावरून बिघाड कळतो

केबल लावल्या लावल्या पडतो आणि गाडीतले सगळे एमसीबी बंद असले तरी पडतो, ही सगळ्यांत चकवणारी तक्रार. लोडच नाही तर गळती कुठून, असं वाटतं. इथे बहुतेक वेळा गाडीत न्यूट्रल आणि अर्थ कुठेतरी एकमेकांना लागलेले असतात. गावाकडच्या लाईनवर न्यूट्रल कधीच नेमका शून्य व्होल्टला नसतो. तिन्ही फेजवर लोड सारखा नसतो, ट्रान्सफॉर्मर लांब असतो, त्यामुळे न्यूट्रल आणि जमीन यांच्यात एक, दोन, तीन व्होल्ट सहज सापडतात. गाडीत न्यूट्रल-अर्थ चिकटलेले असतील तर हे व्होल्टेज आरसीसीबीच्या न्यूट्रलमधून करंट ढकलतं आणि तो अर्थिंगमध्ये उतरतो. वाटेतला एकूण रेझिस्टन्स १० ओहम धरला तर ०.३ व्होल्टलाच ३० मिलिअँपिअर भरतात. हीच गाडी दुपारी तासभर टिकते आणि संध्याकाळी गावात लाईट लागल्यावर पडते, त्याचं कारणही हेच. संध्याकाळी न्यूट्रलचं व्होल्टेज वाढतं.

एमसीबी बंद करून उपयोग का होत नाही? कारण गाडीतले एमसीबी बहुधा सिंगल पोलचे असतात. ते फेज तोडतात, न्यूट्रल तसाच जोडलेला राहतो. गिझरच्या कॉईलचं न्यूट्रलकडचं टोक पत्र्याला लागलेलं असेल तर गिझरचा एमसीबी बंद करूनही आरसीसीबी पडत राहणार.

तपासायला साधा मल्टिमीटर पुरतो. गाडीची केबल पॉईंटवरून काढा, गाडीतला इन्व्हर्टर बंद करा आणि गाडीच्या प्लगच्या न्यूट्रल पिन व अर्थ पिनमध्ये ओहम मोजा. लाखांत ओहम दिसले किंवा मीटरने काहीच दाखवलं नाही तर ठीक. शून्य ते दोन ओहम दिसले तर सरळ जोड आहे. तो तीनपैकी एका ठिकाणी सापडतो. पहिलं ठिकाण गाडीची डीबी: गाडी बांधणाऱ्याने अर्थ नाही म्हणून न्यूट्रल पट्टीवरून अर्थ पट्टीला तुकडा मारलेला असतो. दुसरं ठिकाण इन्व्हर्टर. कॅराव्हॅनमधले काही इन्व्हर्टर बॅटरीवर चालताना न्यूट्रल-अर्थ आतून जोडतात आणि बाहेरची लाईट आली की रिलेने तोडतात. रिले चिकटला की जोड कायमचा. अशा गाडीत इन्व्हर्टरचा इनपुट आणि आउटपुट दोन्ही काढून पुन्हा मोजा. तिसरं ठिकाण एखादं उपकरण. ते शोधायला न्यूट्रल पट्टीवरची एकेक वायर सोडवत जायचं. ज्या वायरीला मीटर उडी मारेल ते उपकरण दोषी.

लोड सुरू करताच, अगदी ९ वॉटचा एलईडी बल्ब लावला तरी पडत असेल तर गाडीकडे बघूच नका. दोष घराच्या वायरिंगमध्ये आहे. बाहेरच्या पॉईंटला फेज आरसीसीबीच्या पुढून घेतला आणि न्यूट्रल मात्र जवळच्या दुसऱ्या बोर्डातून किंवा आरसीसीबीच्या आधीच्या पट्टीवरून घेतला, की हे होतं. ९ वॉट म्हणजे जवळपास ४० मिलिअँपिअर. ते सगळे 'परत न आलेले' धरले जातात. नंतर वाढवलेल्या पॉईंटवर ही चूक इतकी सर्रास सापडते की मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) वगैरे काढण्याआधी बल्ब लावून बघणंच शहाणपणाचं. डीबीत दोन आरसीसीबी असतील तर दोघांच्या न्यूट्रल पट्ट्या वेगळ्या हव्यात. एका पट्टीवर दोन्हींचे न्यूट्रल कोंबले असतील तर दोन्ही पडत राहतील.

दहा-वीस मिनिटं चालून पडत असेल तर आधी गिझरवर संशय घ्या. कॉईलच्या नळीत भरलेली पांढरी भुकटी महिनोन्‌महिने गाडी उभी राहिली की हवेतला ओलावा ओढून घेते. नळीला बारीक तडा असेल तर पाणी तापून ती फुगली की तडा उघडतो. मेगर असेल तर गाडीच्या प्लगवर फेज आणि न्यूट्रल एकत्र बांधून त्या जोडीत आणि अर्थमध्ये ५०० व्होल्टवर मोजा. एकत्र बांधायचे ते यासाठी की चार्जर आणि एसीच्या कार्डवर ५०० व्होल्ट आडवे जाऊ नयेत. सर्ज प्रोटेक्टर (व्होल्टेजच्या अचानक झटक्यापासून वाचवणारा) असेल तर तो आधी काढून ठेवा, नाहीतर आकडा खोटा येतो. किमान १ मेगाओहम हवं. निरोगी वायरिंग त्याच्या कितीतरी पट दाखवतं. गिझर लागल्यावर आकडा २० किलोओहमवर आला तर २३० व्होल्टला एकट्या कॉईलची गळती साडेअकरा मिलिअँपिअर झाली. कॉईल काढून दिवसभर कडक उन्हात ठेवा, पुन्हा मोजा. १ मेगाओहमच्या वर येत नसेल तर बदला. अर्थिंगची वायर काढून कॉईल 'तापवून वाळवायचा' उद्योग करू नका.

पावसात किंवा पहाटे दवात पडतो, दुपारी उन्हात ठीक चालतो: पाणी. नेमकं कुठे, तर बहुतेक वेळा केबल पेटीत वरून घेतलेली असते. पावसाचं पाणी केबल धरून उतरतं, भोकातून आत जातं आणि टर्मिनलवर थेंब थेंब साचतं. पहिल्या मोठ्या पावसानंतर येणाऱ्या बऱ्याचशा तक्रारींचं मूळ एवढंच. दुसरी जागा म्हणजे टेप गुंडाळून केलेला आणि मातीत पुरलेला जॉईंट. काळी माती उन्हाळ्यात फाटते, पावसात फुगते. त्या ओढाताणीत टेपचा जॉईंट एक हंगामसुद्धा धड टिकत नाही. जमिनीखाली जॉईंट नकोच. करावाच लागला तर रेझिन ओतून बंद करायचा किट वापरा, टेप नको.

यातलं काहीच सापडत नसेल, प्रत्येक उपकरण एकेकटं चालतं आणि सगळी मिळून पडतं, तर गळत्यांची बेरीज होते आहे. इन्व्हर्टर एसी, इंडक्शन, बॅटरी चार्जर, टीव्ही या प्रत्येकात फिल्टर असतो आणि तो अर्ध्यापासून तीन-साडेतीन मिलिअँपिअरपर्यंत करंट अर्थमध्ये सोडतो. तो बिघाड नव्हे, त्यांची रचनाच तशी आहे. घराची आधीची गळती १० आणि गाडीची ९, म्हणजे १९. आता कधीही पडेल. गळती मोजायला मिलिअँपिअर वाचणारा क्लॅम्प लागतो. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम जबड्यात घ्यायचे, जो आकडा दिसेल ती गळती. मोटारीचा करंट बघायचा नेहमीचा ४०० अँपिअरचा क्लॅम्प इथे कामाचा नाही, त्याला इतका बारीक करंट दिसतच नाही. उपाय दुरुस्तीचा नाही, मांडणीचा आहे: बाहेरचा पॉईंट घराच्या आरसीसीबीवरून काढून त्याला स्वतःचा आरसीबीओ (एमसीबी आणि आरसीसीबी एकाच डबीत) द्यायचा. त्याबद्दल पुढे.

वीज कडाडली की पडतो, ही तक्रार जूनमध्ये येते. मीटर घेऊन मोजत बसू नका, सर्ज प्रोटेक्टर बसवा. आणि तोवर कडकडाट सुरू झाला की गाडीची केबल काढून ठेवा.

बायपास का करायचा नाही

आकड्यांतच बघू. गाडीत फेज पत्र्याला लागला. घरची अर्थिंग ८ ओहम, ट्रान्सफॉर्मरची २, एकूण १०. करंट २३ अँपिअर. सी प्रकारचा १६ अँपिअरचा एमसीबी झटक्यात पडायला ८० ते १६० अँपिअर लागतात. २३ ला तो तासभरही तसाच बसू शकतो. तेवढा वेळ गाडीचा पत्रा २३ गुणिले ८, म्हणजे १८४ व्होल्टवर असतो आणि गाडी रबरी टायरांवर असल्यामुळे आतल्या माणसाला काही जाणवत नाही. जाणवतं ते खाली उतरताना, एक हात दाराच्या दांड्यावर आणि एक पाय जमिनीवर असताना. चांगली अर्थिंग आहे म्हणून आरसीसीबी नको, हे म्हणणं इथे कोसळतं.

पत्र्याला झिणझिण्या येतात

आरसीसीबी पडत नाही, पण दाराला हात लावला की मुंग्या येतात. मल्टिमीटर पत्रा आणि जमिनीत ठोकलेली सळई यांच्यात ९०-११० व्होल्ट दाखवतो. हे अर्धं व्होल्टेज म्हणजे चार्जर आणि एसीच्या फिल्टरमधून पत्र्यावर आलेलं, कारण त्याला उतरायला अर्थच मिळालेला नाही. करंट बारीक आहे म्हणून आज नुसत्या मुंग्या येतात. उद्या खरा फेज लागला की त्याच पत्र्याला तोही उतरायला वाट मिळणार नाही. केबल लगेच काढा.

अर्थ कुठे तुटला ते बघायचं तर मेन बंद ठेवून पॉईंटच्या अर्थ पिनपासून डीबीच्या अर्थ पट्टीपर्यंत आणि तिथून खड्ड्याच्या पाईपपर्यंत कंटिन्युइटी तपासा. ओहमचे काही दशांशच यायला हवेत. गंजलेला नटबोल्ट हे नेहमीचं ठिकाण. शंभर वॉटचा बल्ब फेज आणि अर्थमध्ये पेटवून 'अर्थिंग टकाटक' म्हणायची पद्धत विसरा. बल्बचा स्वतःचा रेझिस्टन्स पाचशे ओहमच्या वर असतो. अर्थिंग ५० ओहमची असली तरी त्यात जेमतेम २० व्होल्ट खाल्ले जातात आणि बल्ब छान पेटलेला दिसतो. शिवाय आरसीसीबी असेल तर या चाचणीने तो पडणारच, म्हणून वायरमन आधी तो बायपास करतात आणि परत जोडायला विसरतात. अर्थ टेस्टर आणा, दोन खुंट्या ठोका, आकडा घ्या.

अर्थ मिळत नाही म्हणून न्यूट्रलवरून तुकडा मारलेला दिसला तर तो आधी काढा. खांबावरचा न्यूट्रल तुटला की त्या तुकड्यातून गाडीच्या अख्ख्या पत्र्यावर फेज येतो. हा तुकडा आहे का हे ओळखायला मेन बंद करून, सगळे प्लग काढून न्यूट्रल पट्टी आणि अर्थ पट्टीत ओहम मोजा. शून्य आलं तर तो आहे.

काळ्या मातीतली अर्थिंग

ऑगस्टमध्ये मोजलेली अर्थिंग मे महिन्यात खरी राहत नाही, आणि मराठवाड्यात हा फरक मोठा असतो. ओली काळी माती करंट उत्तम नेते. मे महिन्यात तीच माती हात जाईल एवढ्या भेगा टाकते, पाईपभोवती पोकळी पडते आणि पाईप हवेत उभा असल्यासारखा होतो. जिथे वीतभर मातीखाली मुरूम किंवा काळा पाषाण लागतो तिथे तर पावसाळ्यातही आकडा कमी येत नाही. म्हणून अर्थिंग मोजायची ती एप्रिल-मेमध्ये.

खड्डा असा: ४० मिमीचा, अडीच ते तीन मीटर लांब, भोकं पाडलेला जीआय पाईप. भोवती कोळसा आणि मिठाचे थर किंवा तयार बेंटोनाईटची (ओल धरणाऱ्या चिकणमातीची) पिशवी. मीठ स्वस्त पडतं, पण पाईप लवकर खातं आणि पावसात वाहूनही जातं. भेगाळणाऱ्या जमिनीत बेंटोनाईट बरं, कारण ते ओल धरून पाईपला चिकटून राहतं, फक्त तेही पूर्ण कोरडं पडू द्यायचं नाही. वर नरसाळं आणि झाकणाची चौकट ठेवा, उन्हाळ्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी घाला. खड्ड्याची जागा मोरीच्या पाण्याजवळ किंवा हातपाय धुण्याच्या दगडापाशी निवडली तर हे काम आपोआप होतं. एका खड्ड्याने ५ ओहमच्या आत येत नसेल तर पाच-सहा मीटरवर दुसरा करून दोन्ही २५ गुणिले ३ मिमी जीआय पट्टीने जोडा. जवळजवळ दोन खड्डे घेऊन फायदा होत नाही.

विहिरीवरच्या मोटारीच्या अर्थिंगला गाडीची अर्थिंग जोडू नका. मोटार जळाली की तिचं व्होल्टेज सरळ गाडीच्या पत्र्यावर येईल. आणि मोटारीच्या स्टार्टरवरून लाईट घ्यायचा विचार तर सोडूनच द्या. कृषीपंपाच्या जोडणीवरून दुसरा वापर केला तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली तो अनधिकृत वापर ठरतो, आणि ती लाईट पाळीने येते ते वेगळंच. पाहुण्यांच्या एसीला रात्री दोन वाजता लाईट आली तर काय उपयोग?

पॉईंट नव्याने करायचा तर

घराच्या डीबीपासून गाडीची जागा ४० मीटरवर आहे असं धरू. १६ अँपिअरला तीन-कोअर तांब्याच्या केबलमध्ये पडणारं व्होल्टेज असं: दीड एमएममध्ये साडेपंधरा व्होल्ट, अडीचमध्ये साडेनऊ, चारमध्ये सहा, सहा एमएममध्ये चार. अडीच एमएमची केबल १६ अँपिअर सोसते म्हणून दुकानदार तीच देतो. पण रब्बीत ज्वारी-हरभऱ्याला पाणी सुरू झालं की घरातच १९० व्होल्ट येतात. त्यातून साडेनऊ गेले तर एसीच्या कॉम्प्रेसरला घोगरा आवाज करण्यापलीकडे काही जमत नाही. सहा एमएम घ्या. अॅल्युमिनियम घ्यायची तर दहा.

सामान एवढं: तीन-कोअर ६ एमएम तांब्याची आर्मर्ड (तारांचं कवच असलेली) केबल ४५ मीटर, केबल पेटीत शिरते तिथे ती पक्की धरणारे त्याच मापाचे दोन ब्रास ग्लँड, वायरीच्या टोकाला दाबायचे तांब्याचे लग सहा, सी प्रकारचा १६ अँपिअर, ३० मिलिअँपिअर, दोन पोलचा आरसीबीओ, आणि तो ए टाईपचा. हे 'ए' महत्त्वाचं. इन्व्हर्टर एसी आणि चार्जरच्या गळतीत डीसीचे ठोके असतात, साध्या 'एसी टाईप'च्या (इथे एसी म्हणजे आल्टरनेटिंग करंट) आरसीसीबीला ते नीट कळत नाहीत. शिवाय १६ अँपिअरचं तीन पिनचं निळं इंडस्ट्रियल सॉकेट आणि तसाच प्लग, आयपी ६७ चा (आयपी म्हणजे धूळ-पाणी आत न जाऊ देण्याचा दर्जा). पॉलिकार्बोनेटची पेटी, आयपी ६५. ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर एक.

आरसीबीओची फेज-न्यूट्रल जोडी मेन स्विचच्या लगेच पुढून, घराच्या ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीच्या आधी काढायची. म्हणजे गाडीत काही झालं तरी घरचा फ्रीज चालू राहतो. त्याच्याही आधी मेनला संरक्षण हवं असेल तर १०० मिलिअँपिअरचा, उशिरा पडणारा एस प्रकारचा आरसीसीबी लावा. मेनला ३० आणि पुढे पुन्हा ३० ठेवले तर कोणता आधी पडेल याचा नेम नसतो.

केबल पाऊण मीटर खोल चरात, खाली-वर वाळू आणि वर विटा ठेवून पुरायची. नांगराचा फाळ जाणार असेल त्या पट्ट्यात एचडीपीई पाईपमधून न्यायची. काळ्या जमिनीत केबल ताणून कधीच टाकू नका, नागमोडी टाका आणि दोन्ही टोकांना मीटरभर वेटोळं सोडा. जमीन फाटताना केबल ओढते आणि ती ओढ ग्लँडवर येते. आर्मर दोन्ही ग्लँडना पक्का अर्थ करा.

पेटी जमिनीपासून मीटरभर उंच, उत्तर किंवा पूर्वेच्या भिंतीवर, वर पत्र्याचं छज्जं. केबल खालूनच घ्यायची आणि पेटीच्या तळाला सर्वांत खालच्या बाजूला एक बारीक भोक ठेवायचं, आत घामासारखं साचलेलं पाणी उतरायला.

सॉकेट तपकिरी पडतं, वितळतं

एक टनाचा एसी १२०० वॉट, गिझर २०००, इंडक्शन २०००. तिन्ही एकदम म्हणजे ५२०० वॉट, साडेबावीस अँपिअर. १६ चा एमसीबी इतक्या जादा करंटला पडायला बराच वेळ घेतो, आणि मे महिन्यातल्या ४२-४३ अंशांत तेवढ्या वेळात घरगुती सॉकेटची पितळी पात ढिली होऊन प्लॅस्टिक मऊ पडतं. एकदा ढिली झालेली पात पुन्हा घट्ट धरत नाही, मग दहा अँपिअरलाही तापते. असं सॉकेट पान्हे मारून दुरुस्त करायचं नसतं, बदलायचं असतं, आणि त्यात गेलेला प्लगही त्याच्याबरोबर. नुसतं सॉकेट नवं आणि प्लगच्या पिना काळ्या, तर नवंही महिन्यात जाईल. पाहुण्यांना एकच सांगायचं: १६ च्या पॉईंटवर एकूण ३६०० वॉटच्या आत. गिझर चालू असताना इंडक्शन नको. रोजच ते लागणार असेल तर आधी मंजूर लोड बघा, मग ३२ अँपिअरचं सॉकेट, ३२ चा आरसीबीओ आणि त्याला शोभेल अशी केबल.

गाडीवाल्याची स्वतःची एक्स्टेन्शन रील बघायची राहू नये. दीड एमएमची २५ मीटरची रील अर्धी गुंडाळलेली ठेवून एसी चालवला की आतले वेढे एकमेकांना तापवतात, बाहेरून फक्त कोमट लागतं. रात्री तीनला आरसीबीओ पडतो तो यामुळे. रील पूर्ण उलगडा. केबल अडीच एमएमची, तीन-कोअर, रबरी कव्हरची हवी.

व्होल्टेजचा गोंधळ

स्टॅबिलायझर लावला म्हणजे केबलवरचा भार कमी होत नाही, वाढतो. १७० व्होल्ट आले तर १२०० वॉटच्या एसीला घराकडून सात अँपिअरच्या वर करंट ओढावा लागतो, जो २३० ला सव्वापाच असता. म्हणून स्टॅबिलायझर गाडीत नको, डीबीजवळ बसवा, म्हणजे लांब केबलमधून योग्य व्होल्टेजचा कमी करंट जाईल. पण खालच्या व्होल्टेजपेक्षा वरच्याची भीती जास्त. तीन फेजच्या जोडणीत न्यूट्रल सुटला की कमी लोडच्या फेजवर साडेतीनशे-चारशे व्होल्टपर्यंत चढतात आणि गाडीतला चार्जर, टीव्ही, एसीचं कार्ड एकदम जातं. प्रोटेक्टर १८० च्या खाली आणि २६० च्या वर तोडणारा आणि परत जोडताना तीन मिनिटं थांबणारा घ्या. कॉम्प्रेसरला ती तीन मिनिटं लागतात.

गाडी निघताना

आधी आरसीबीओ खाली, मग प्लग बाहेर. चालू लोडवर प्लग ओढला की पिनेवर ठिणगी पडते आणि पुढच्या वेळी तीच पिन तापते. प्लग काढल्यावर सॉकेटचं झाकण नुसतं टेकवून सोडू नका, कडं फिरवून पक्कं करा. आयपी ६७ हे कडं घट्ट असेल तेव्हाच खरं. उघड्या सॉकेटमध्ये आठवड्यात काळ्या मुंग्यांची रांग लागते, त्यामागे पाल येते, आणि पुढच्या पाहुण्याने केबल लावली की आरसीबीओ पडतो. तेव्हा मीटर काढायच्या आधी झाकण उघडून आत बघा.